डॅनियल मरणाच्या दारातून परत आला म्हणून पेन ऑफ सॅल्वेशनचा आवाज जड झाला का?

तुम्ही विचारलंय की ‘रोड सॉल्ट’ या अल्बमच्या दोन भागांत पेन ऑफ सॅल्वेशन या बँडनं मेटल, म्हणजे दणदणीत गिटारचं जड रॉक, जवळपास सोडून दिलं होतं, मग 2017 च्या ‘इन द पासिंग लाइट ऑफ डे’ या अल्बममध्ये एवढा जड आवाज कुठून आला, मधल्या काळात बँडचा गायक आणि म्होरक्या डॅनियल गिल्डेनलो मरता मरता वाचला हे त्यामागचं कारण का, आणि फक्त ‘रोड सॉल्ट’ ऐकलेल्या माणसानं पुढे काय ऐकावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आजारपणानं त्या अल्बमला विषय दिला, शब्द दिले. आवाज जड झाला तो बऱ्याच अंशी दुसऱ्या कारणांनी, आणि त्यातली काही आजारपणाच्या आधीपासून घरात येऊन बसली होती. ‘मृत्यू पाहिला आणि संगीत बदललं’ ही गोष्ट ऐकायला फार छान वाटते, मासिकांनाही आवडते. पण या बँडच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे.

आधी बँडचा स्वभाव समजून घ्यायला हवा. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना या शहरातला हा बँड. डॅनियल अकरा वर्षांचा असताना, 1984 साली, त्यानं ‘रिअ‍ॅलिटी’ नावानं तो सुरू केला आणि 1991 मध्ये आजचं नाव घेतलं. पहिला अल्बम ‘एन्ट्रोपिया’ 1997 चा. तेव्हापासून लागोपाठ दोन अल्बम एकसारखे करायचे नाहीत असा जणू पणच केल्यासारखं यांचं चाललंय. ‘वन अवर बाय द काँक्रीट लेक’ शस्त्रांच्या धंद्यावर आणि अणुकचऱ्यावर. नावातलं तळं म्हणजे रशियातलं कराचाय. त्यात इतका किरणोत्सारी कचरा टाकला होता की काठावर तासभर उभं राहणं जिवावर बेतलं असतं. पुढे ते काँक्रीटचे ठोकळे टाकून बुजवलं. मग ‘द परफेक्ट एलिमेंट’ बालपणातल्या अत्याचारांवर, ‘रेमेडी लेन’ स्वतःच्या नातेसंबंधांवर. 2004 चा ‘बी’ थेट देवावर आणि सृष्टीवर, सोबत वाद्यवृंद. ‘बी’साठी त्यांनी एक फोन नंबर जाहीर करून चाहत्यांना देवासाठी निरोप ठेवायला सांगितलं होतं, आणि ते निरोप अल्बममध्ये वापरलेत. लोक खरंच फोन करून देवाशी बोललेत. मला हा त्यांचा सगळ्यात धाडसी आणि सगळ्यात थकवणारा अल्बम वाटतो. वर्षातून एकदा पुरे.

2007 च्या ‘स्कारसिक’मध्ये रॅप आलं, चक्क डिस्को आला. जुने चाहते तिथेच बिथरले. त्यानंतर तुमचे ‘रोड सॉल्ट’चे दोन भाग, 2010 आणि 2011 मध्ये. सत्तरच्या दशकातल्या ब्लूज आणि रॉकची खरबरीत चव, स्टुडिओतली सफाई मुद्दाम काढून टाकलेली, गाणी आटोपशीर. अल्बमच्या नावाचं गाणं घेऊन ते 2010 मध्ये मेलोडिफेस्टिवालेनमध्येही उतरले होते. युरोव्हिजन या युरोपातल्या देशादेशांच्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी स्वीडनची ही निवड स्पर्धा, जी तिकडे घराघरांत टीव्हीसमोर बसून बघतात. प्रोग्रेसिव्ह मेटलवाल्यांनी, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं मेटल वाजवणाऱ्यांनी, तिथे जाऊन जवळजवळ नुसत्या इलेक्ट्रिक पियानोवर गायचं, यावरून ते मेटलपासून किती लांब आले होते ते कळेल.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की आवाज बदलायला या माणसाला अपघात-आजारपण कधीच लागलं नाही. वीस वर्षं तो दर अल्बमला बदलतच होता.

आता आजारपण. जानेवारी 2014 मध्ये डॅनियलला नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस झाला. वर्तमानपत्रं याला ‘मांस खाणारा जिवाणू’ म्हणतात. खरं तर जिवाणू मांस खात नाही, पण होतं ते तितकंच भयंकर. त्याच्या बाबतीत जिवाणू होता स्ट्रेप्टोकोकस, म्हणजे एरवी ज्याच्या एका जातीनं आपला घसा दुखतो त्याच घराण्यातला. तो कातडीखाली, स्नायूंवर जे पातळ आवरण असतं त्यात शिरला की त्या पापुद्र्याच्या कडेकडेनं झपाट्यानं पसरतो. त्याची विषं पेशी मारतात आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. रक्तच पोचत नाही म्हटल्यावर रक्तातून जाणारं प्रतिजैविकही पोचत नाही. म्हणून एकटी औषधं पुरत नाहीत, मेलेला भाग कापून काढावा लागतो, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त शस्त्रक्रिया करून. यात तासांचा हिशेब असतो. सुरुवातीला वरून फारसं काही दिसत नाही, दुखणं मात्र दिसतं त्याच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे निदान उशिरा होतं, आणि वेळेवर उपचार झाले तरी बरेच रुग्ण दगावतात.

मेटलवाल्यांना हा रोग तेव्हा अनोळखी नव्हता. स्लेयर या मेटल बँडचा गिटारवादक जेफ हॅनेमनला 2011 मध्ये हातात हाच संसर्ग झाला होता. त्यातून तो वाचला, पण बँडसोबत पूर्ण वेळ पुन्हा कधी उभा राहिला नाही, आणि मे 2013 मध्ये यकृताच्या आजारानं गेला. त्याला जेमतेम आठ महिने झाले होते तेव्हा डॅनियलची बातमी आली. चाहत्यांच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं.

डॅनियलचा मुक्काम दीर्घकाळ रुग्णालयात पडला. ट्रान्सअटलांटिक या बँडसोबत तो दौऱ्यावर जायचा; त्या वर्षीचा दौरा त्याच्याशिवाय निघाला आणि त्याच्या जागी टेड लेनर्ड गेला. ‘इन द पासिंग लाइट ऑफ डे’ या अल्बमचं बीज त्या रुग्णालयातल्या खाटेवर पडलं. अल्बम आला मात्र 13 जानेवारी 2017 ला, म्हणजे मध्ये तीन वर्षं गेली. हा तीन वर्षांचा काळ लोक विसरतात. खाटेवर सुचलं ते सुचलं, पण त्यावर नंतर पाच जणांनी काम केलं.

शब्दांत आजारपण कसं उतरलंय याचा एकच नमुना देतो, कारण तो मला फार आवडतो. पहिलं गाणं ‘ऑन अ ट्यूजडे’. त्यात निवेदक सांगतो की मी याच इमारतीत जन्मलो, तो मी पाहिलेला पहिला मंगळवार. आणि उद्या उजाडलेला पाहिला, तर तो माझा 2119 वा मंगळवार असेल. ऐकताना हा आकडा कवीनं असाच टाकलाय असं वाटतं. मी हिशेब करून बघितला. डॅनियलचा जन्म 5 जून 1973 चा, आणि त्या दिवशी खरोखर मंगळवार होता. तिथून 2118 आठवडे पुढे गेलं की तारीख येते 7 जानेवारी 2014. म्हणजे गाणं आहे 6 जानेवारीच्या सोमवारचं, आणि गाणाऱ्याला उद्याची खात्री नाही. चाळीस वर्षांच्या माणसानं रुग्णालयात पडल्या पडल्या आपले मंगळवार मोजलेत! याला मी आजारपणातून आलेलं लेखन म्हणेन. मृत्यूवर मोठमोठी विधानं करणारी गाणी मेटलमध्ये पोत्यानं सापडतील. इतका कोरडा हिशेब करणारं दुसरं मला तरी माहीत नाही.

बाकी अल्बमही तसाच, मोठ्या कल्पनांपासून दूर. ‘बी’मध्ये देवाला फोन करणारा माणूस इथे बायको, मुलं, जुनी भांडणं, शरीर, वासना यांच्याबद्दल बोलतो. शेवटचं पंधरा मिनिटांचं गाणं तर एका दीर्घ संसाराचा हिशेब आहे. सुरुवातीला जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज आणि गिटार, इतकं हळू की पहिल्यांदा ऐकताना वाटतं हे गाणं उभंच राहणार नाही.

मग आवाज? त्याची उत्तरं श्रेयनामावलीत सापडतात.

2011 नंतर बँड आतून जवळपास नवा झाला होता. गिटारवादक योहान हॉलग्रेन आणि कीबोर्डवाला फ्रेडरिक हर्मान्सन बाहेर पडले होते. ड्रमर योहान लँगेल आणि बास गिटारवर असलेला डॅनियलचा सख्खा भाऊ क्रिस्टोफर त्याही आधी गेले होते. ड्रम्सवर फ्रेंच लेओ मार्गारिट स्थिरावला होता. गिटारवर आला आइसलँडचा राग्नार झोलबर्ग. आणि बासवर गुस्ताफ हील्म, जो पूर्वी मेशुगा या अतिजड स्वीडिश मेटल बँडमध्ये वाजवायचा. अल्बमचा निर्माता डॅनियल बर्गस्ट्रँड. यानं मेशुगा आणि इन फ्लेम्स या मेटल बँडसोबत काम केलेलं. एकाच अल्बममध्ये मेशुगाच्या वळणाची दोन माणसं, एक बासवर आणि एक ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर. आवाज जड झाला नसता तरच नवल.

मेशुगाचं वळण म्हणजे काय, हे आपल्याकडे तालाची थोडी सवय असलेल्याला पटकन कळतं. वर झांज सरळ चार-चार मोजत राहते. खाली गिटार आणि पायाचा ड्रम मिळून वेगळ्याच लांबीचं आवर्तन घेतात, समजा साडेपाच किंवा सव्वासहा मात्रांचं. दोन्ही एकमेकांपासून सरकत जातात आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर एकदम समेवर भेटतात. तबल्याच्या लयकारीत हे ऐकलेला कान इथे घाबरत नाही. फरक एवढाच की मेटलमध्ये समेवर मान डोलवायच्या ऐवजी मान मोडायची असते. ‘ऑन अ ट्यूजडे’ची सुरुवात ऐका. गिटार आणि ड्रम्स तुटक तुटक घाव घालतात, ठोका कुठे पडेल याचा अंदाज बांधावा तर तो चुकतो. ‘रीझन्स’मध्येही तेच, अजून टोकदार. शुद्ध मेशुगा नाही हे, पेन ऑफ सॅल्वेशनला गळ्यावर गाणं हवंच असतं. पण हाडं तिकडची आहेत.

राग्नारचा वाटा लोक कमी लेखतात असं मला वाटतं. ‘मीनिंगलेस’ हे गाणं मुळात त्याचं. बँडला पुन्हा मोठ्या, कर्कश, गिटारप्रधान आवाजाकडे ओढणारा तरुण माणूस हवा होता आणि तो आजारपणाच्या आधीच, 2012-13 पासून, बँडमध्ये होता. अल्बम आला त्याच वर्षी तो बाहेरही पडला आणि योहान हॉलग्रेन परत आला, हा भाग वेगळा.

अजून एक पुरावा. आजारपणानंतरचा पहिला अल्बम हा नव्हेच! नोव्हेंबर 2014 मध्ये ‘फॉलिंग होम’ आला होता. जुनी गाणी अकूस्टिक वाद्यांवर नव्यानं बांधलेली, जॅझकडे झुकलेली, वर डिओ या मेटल बँडचं ‘होली डायव्हर’ आणि लू रीडचं ‘परफेक्ट डे’ हेही गंमत म्हणून. ज्या वर्षी माणूस मरता मरता वाचला त्याच वर्षी बाजारात आलेला अल्बम इतका हलकाफुलका. मृत्यूनंच आवाज ठरवला असता तर हा अल्बम कुठे बसवायचा?

तुमच्या प्रश्नातली कल्पना तपासायला इतर बँडही घ्या, मजा येते. मॅस्टोडॉन या मेटल बँडचा गिटारवादक ब्रेंट हाइंड्स 2007 च्या सप्टेंबरात लास व्हेगसमध्ये एका पुरस्कार सोहळ्यानंतरच्या मारामारीत डोक्याला मार लागून मेंदूतल्या रक्तस्रावापर्यंत गेला होता. त्यातून सावरताना तो गिटार घेऊन बसला आणि 2009 चा ‘क्रॅक द स्काय’ आला. तो अल्बम मॅस्टोडॉनच्या आधीच्या कामापेक्षा मऊ आहे: किंचाळणं कमी, गाणं जास्त, सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे सरळ पाहणारा, शेवटचं गाणं तेरा मिनिटांचं. म्हणजे एक जण मरणातून परत आला आणि बँड मऊ झाला, दुसरा परत आला आणि बँड जड झाला. त्यातही ‘क्रॅक द स्काय’मध्ये हाइंड्सच्या अपघाताइतकंच ड्रमर ब्रॅन डेलरचं जुनं दुःख आहे, अल्बमच्या नावातली स्काय ही किशोरवयात गेलेली त्याची बहीण. हाइंड्स मार्च 2025 मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि ऑगस्टमध्ये अटलांटात मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्यामुळे आता तो अल्बम ऐकणं जरा अवघड झालंय.

बरोनेस या बँडचं उदाहरण याहून बोलकं. 15 ऑगस्ट 2012 ला इंग्लंडमध्ये बाथजवळ त्यांची बस पुलावरून खाली कोसळली. गायक-गिटारवादक जॉन बेझलीचा हात आणि पाय मोडला, ड्रमर आणि बासवाला या दोघांच्या मणक्यांना फ्रॅक्चर झालं आणि पुढच्या वर्षी दोघांनीही बँड सोडला. बरोनेसचा आवाज मऊ झाला तो अपघातामुळे, असं बरेच जण सांगतात. पण ज्या ‘येलो अँड ग्रीन’मध्ये तो मऊ झाला, तो अल्बम अपघाताच्या आधी, जुलैत आला होता. अपघातानंतरच्या ‘पर्पल’मध्ये उलट पुन्हा धार आली. आणि ओपेथ हा बँड? त्यांचा गायक मीकाएल ओकरफेल्टनं 2011 च्या ‘हेरिटेज’पासून घशातून गुरगुरणं बंद केलं, थेट 2024 मध्ये पुन्हा सुरू केलं. ना बस कोसळली, ना कुणी रुग्णालयात होतं. कंटाळा आला म्हणूनही माणसं बदलतात, हे कुणी लिहीत नाही कारण त्याची बातमी होत नाही.

तरी आजारपणाचा आवाजाशी काहीच संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही. एक गोष्ट मला जाणवते: या अल्बममध्ये मोठा आवाज आणि शांतता यांत अंतर प्रचंड ठेवलंय. ‘टंग ऑफ गॉड’चा दणका संपतो, थोड्याच वेळात ‘सायलेंट गोल्ड’ येतं, पियानोवरचं छोटंसं गाणं, कुजबुजल्यासारखं. ‘इफ धिस इज द एंड’ हळू चालता चालता मध्येच फुटतं. ‘रेमेडी लेन’मध्येही चढउतार होते, पण तिथे एका भावनेतून दुसरीत जायला जिने होते. इथे जिने काढून टाकलेत. ताप, भूल, वेदना, पुन्हा गुंगी, असं दिवसामागून दिवस काढलेल्या माणसाला ही रचना सुचली असेल, हे पटण्यासारखं आहे. सिद्ध करता येणार नाही, पण पटण्यासारखं आहे.

अल्बम निर्दोष नाही, हेही सांगतो. ‘फुल थ्रॉटल ट्राइब’ गरजेपेक्षा लांबलंय. ‘द टेमिंग ऑफ अ बीस्ट’ तर ‘रोड सॉल्ट’मधून राहून गेलेलं गाणं वाटतं, तुम्हाला कदाचित त्यामुळेच आवडेल. ध्वनिमुद्रणात गिटारची भिंत कधीकधी इतकी दाट होते की बास काय करतोय ते शोधावं लागतं. हील्मसारखा वादक असताना हे वाईट वाटतं.

आणि त्यानंतर काय झालं बघा. 2020 च्या ‘पँथर’मध्ये हा जड आवाज त्यांनी पुन्हा बाजूला ठेवला. इलेक्ट्रॉनिक ठोके, बदललेले आवाज, हिप-हॉपच्या ढंगाचं गाणं, आणि विषय म्हणजे चारचौघांसारखा मेंदू नसलेली माणसं आणि त्यांना साच्यात बसवू बघणारं जग. मरणाच्या अनुभवानं या बँडला कायमचं मेटलकडे परत आणलं असतं तर तीन वर्षांत हे झालं नसतं.

ऐकण्याबद्दल. तुम्हाला ‘रोड सॉल्ट’ची सवय आहे, म्हणून थेट ‘ऑन अ ट्यूजडे’वर उडी मारू नका, दहा मिनिटांत वैतागाल. आधी ‘द परफेक्ट एलिमेंट’मधलं ‘अ‍ॅशेस’ ऐका. संथ आहे, गाणं सरळ आहे, आणि बँडचा जुना जडपणा कसा होता ते त्यात कळतं. मग ‘रेमेडी लेन’ पूर्ण, शक्यतो एका बैठकीत. त्यातलं ‘रोप एंड्स’ आत्महत्येच्या प्रयत्नावर आहे, मन ठीक नसेल त्या दिवशी ते वगळा. यानंतर 2017 चा अल्बम घ्या, पण शेवटच्या गाण्यापासून: त्या संथ पंधरा मिनिटांत माणूस कोण आहे ते समजतं, आणि मग पहिल्या गाण्यातला गोंगाट कुणाचा आहे हे कळून ऐकता येतं. हेडफोन लावून, गाण्याचे शब्द समोर ठेवून. शब्द न वाचता हा अल्बम ऐकला तर निम्मा हातचा जातो. ‘बी’ सगळ्यात शेवटी ठेवा. ‘स्कारसिक’ नाही ऐकलात तरी चालेल, ‘डिस्को क्वीन’ तेवढं एकदा ऐका, हसायला येईल.